रंगोबाचे नऊ थर

गीतामावशी पाट्याला टाकी लावते. म्हणजे लावायची. पाटा-वरवंटा वापरून वापरून गुळगुळीत झाला की मिरची त्यावरून नुसती घसरते. मग छिन्नी-हातोडीने बारीक टिचके मारून दगड पुन्हा खरबरीत करायचा, याला टाकी लावणं म्हणतात. हे आता सांगावं लागतं, कारण आमच्या गावातसुद्धा घरोघर मिक्सर आला आणि मिक्सरला काही टाकी लावता येत नाही. पाटे गेले न्हाणीत, कपडे आपटायला. गीतामावशी कुणाच्या न्हाणीपाशी गेली की आधी पाट्यावर बोटाची पेरं वाजवते, कान देते आणि म्हणते, "दगड लई चांगला व्हता गं. वाटोळं केलं."

चौसाळ्यापासून आत वळलं की आमचं गाव. गावठाणाच्या शेवटाला मावशीची पत्र्याची खोली. वय पासष्टच्या पुढे-मागे. बोलताना डोळे बारीक करते, म्हणून लोकांना वाटतं संशय घेते आहे. तसं नाही. जन्मभर दगडाच्या कपच्या चुकवल्या, डोळ्यांना सवय लागली. संशय ती वेगळ्या पद्धतीने घेते, गप्प बसून.

तिच्या नवऱ्याच्या आजीपासून हे घर गावात आहे. तरी गाव त्यांना अजून "ते टाकीवाले" म्हणतं, जसे काही काल संध्याकाळी उतरलेत आणि उद्या सकाळी गाढवावर सामान लादून जाणार आहेत. नवरा आसाराम वारला. मुलगा लखन आणि सून पुण्याकडे बांधकामावर. नात मोहिनी आजीपाशी राहून बारावी झाली आणि तिचा नर्सिंगला नंबर लागला. त्यांच्या घराण्यात शाळेची पायरी चढलेलीच मोजकी माणसं, त्यात ही पोर दवाखान्यात पांढरे कपडे घालून फिरणार. मावशी ते कुणाला सांगत नव्हती. दृष्ट लागेल म्हणून.

दृष्ट लागायच्या आधी कागद लागला. प्रवेशाला भटक्या जमातीचा दाखला हवा. दाखल्याला पुरावा हवा, की हे कुटुंब एकसष्ट सालाच्या आधीपासून इथंच राहतं. भटक्या माणसाने आपण एकाच जागी राहत होतो याचा कागद आणायचा, हे ज्याने ठरवलं त्याला मला एकदा बघायचं आहे. बघायचं म्हणजे नमस्कार करायचा आहे.

मोहिनीने दाखल्याच्या ऑफिसच्या चार चकरा मारल्या. आसारामच्या मतदान कार्डावर बापाचं नाव धोंडीराम असं होतं, तेवढं ठीक. "आता धोंडीराम या गावात राहत होता याचा पुरावा आणा," असं तिला सांगितलं. अठ्ठावीस तारीख शेवटची. चौथ्या चकरेच्या दिवशी होती बारा.

मी ग्रामपंचायतीची सदस्य आहे. जागा महिलांसाठी राखीव झाली, यजमानांनी माझा फॉर्म भरला, मी निवडून आले. माझं अक्षर चांगलं आहे म्हणून ठराव मी लिहिते, बाकी तिथं माझं काही काम नसतं. पण दप्तर उघडायला मिळतं, म्हणून गीतामावशी माझ्याकडे आली. मी दोन दिवस जुनी रजिस्टरं चाळली. वाळवीने माझ्या आधीच चाळलेली होती.

"मावशी, काहीच नाही गं."

ती चौकटीला टेकून बसली होती. तिथूनच म्हणाली, "वहिनी, कागद न्हाई. पर दगड हाय."

"कसला दगड?"

"आमच्यात पुरत्यात. माझ्या आजेसासूला ह्याच गावात पुरलंय. सासऱ्यानं सोता दगड घडवून बसविला. नाव कोरलंय, साल कोरलंय. मास्तरांनी खडूनं लिवून दिलतं, त्येच्यावरून छिन्नी चालवली. सासरे मरस्तोवर सांगायचे."

"मग चल ना, फोटो काढून आणू. कुठाय?"

"लिंबाखाली."

वेशीजवळ लिंब एकच आहे आणि लिंबाखाली दगडही एकच आहे. तो आमचा रंगोबा. मी लग्न होऊन आल्यापासून दर सोमवारी त्याला तांब्याभर पाणी घालते.

रंगोबाची कथा अशी. पंचेचाळीस वर्षांपूर्वी ग्रामपंचायतीच्या दाराला रंग देऊन डबा उरला. तेव्हाच्या सरपंचाने उरलेला रंग वाया नको म्हणून लिंबाखालच्या दगडाला फासला, आणि एक नारळ हाताशी होता तो फोडला. पुढच्या निवडणुकीत विरोधकाने आदल्या रात्री दगडाला आपला रंग दिला आणि तो निवडून आला. मग काय, रीतच पडली. जे पॅनल जिंकेल त्याने दगडाला आपल्या पॅनलचा रंग द्यायचा, वाजतगाजत. दगडाला नाव नव्हतं, ते रंगावरून पडलं. नंतर नवस सुरू झाले. एका म्हशीची रेडकं जगत नव्हती ती जगली. आता अशा देवाला कोण विचारणार, की तू मुळात कोण?

"मग इतकी वर्षं बोलली का नाहीस?" मी विचारलं.

"मी लगीन होऊन आले त्याच वर्षी पयला रंग लागला. सासरे सांगाया गेलते. पर तवर नारळ फुटलता. नारळ फुटल्यावर कोण ऐकतं, वहिनी?"

आता योगायोग म्हणा किंवा देवाची करणी म्हणा, मी करणी म्हणते, त्याच आठवड्यात अमरसिंह बापूंना पूर्वज सापडला.

बापू म्हणजे आमच्या सरपंच राजनंदिनीवहिनींचे यजमान. वहिनी सही करतात, सरपंचकी बापू करतात. बापू उमापूरला एका लग्नाला गेले होते. तिथं पाहुण्यांनी आपल्या पणजोबाचं स्मारक बांधलेलं पाहिलं; ओटा, कठडा, संगमरवरी पाटी. बापूंना दोन दिवस जेवण गेलं नाही. तिसऱ्या दिवशी ते रंगोबाजवळ उभे राहिले, दगडावरून हात फिरवला आणि रंगाखाली अक्षरं लागली. त्याच संध्याकाळी त्यांनी पारावर जाहीर केलं, "रंगोबा म्हंजी दुसरं कोणी नसून आमचा खापरपणजा हाय. लढताना पडलाय. वर तलवार कोरलेली हाताला लागती."

मागचे सरपंच बिभीषणअण्णा तिथंच बसले होते. ते म्हणाले, "पडला आसंल, पर तुमचा न्हाई. आमचा. तुमचा खापरपणजा कुठं लढायला गेलता, बापू? त्यो तर जावई म्हणून आलता गावात."

"अन तुमचा काय करीत व्हता?"

"तुमच्या खापरपणज्याच्या लग्नात जेवत व्हता."

लोक हसले, पण प्रकरण हसण्यावर गेलं नाही. स्मारकाचा प्रस्ताव पाठवायचा तर दगडावरचा लेख वाचता आला पाहिजे. म्हणजे रंग काढावा लागणार. आणि रंग काढायला दोन्ही पॅनलं तयार झाली, कारण खाली आपलंच नाव आहे याची दोघांनाही खात्री होती. पाच वर्षांत आमच्या गावात एवढं एकमत मी पाहिलं नव्हतं.

बापूंनी वेल्डिंगच्या दुकानातल्या बजरंगला ग्राइंडर घेऊन बोलावलं. बजरंगने अंगणवाडीतून वायर ओढली, डोळ्यांना गॉगल लावला आणि बटण दाबलं. ते पातं फिरत दगडाजवळ आलं, तशी गर्दीतून गीतामावशी पुढं झाली आणि तिने तळहात दगडावर ठेवला.

"चालीव. आधी हातावरून जाऊ दे."

बजरंगने घाबरून बटण बंद केलं. बापू ओरडले, "ए म्हातारे, सर तिकडं! कावून मधी येती?"

"बापू, अक्षरं काय ईतभर खोल न्हाईत. ग्राइंडर फिरला की तुमचा पणजा रंगासंगं उडून जाईल. मंग काय वाचतासा, बजरंगाचा गॉगल?"

"मंग आसिड टाकू."

"आसिडानं संडास धुत्यात, बापू. पणज्याला धूत न्हाईत."

बिभीषणअण्णांना बापूंची जिरलेली बघायला आवडतं. ते लगेच म्हणाले, "बरोबर बोलती ती. दगडाचं तिलाच कळतं. तिलाच द्या काम."

"काय घेशील?" बापूंनी विचारलं.

"काय नको. रंग काढायचं औषध आणून द्या, दोन गोणपाटं द्या, कळकाची कांब द्या. अन मी करीस्तोवर कुणी हात लावायचा न्हाई."

फुकट काम करणाऱ्या माणसाचा आमच्या गावात ताबडतोब संशय येतो. पण बापूंना वाटलं, ही भक्ती. त्यांनी औषध आणून दिलं.

सोळा तारखेला सकाळी मावशी बसली. सगळ्यांना वाटलं आता ती पिशवीतून छिन्नी काढणार. तिने छिन्नी आणलीच नव्हती. कळकाच्या, म्हणजे बांबूच्या, पट्ट्या तासून चपट्या केल्या, हातांना दुधाच्या पिशव्या बांधल्या आणि दगडाच्या मागल्या बाजूला, कुणाला दिसणार नाही अशा जागी, रुपयाएवढं औषध लावून बघितलं. तासभर वाट बघितली. मग पुढच्या बाजूला आली, तीही वरून नाही, खालून.

"वरून सुरू कर की," अण्णा म्हणाले. "नाव वर आसतंय."

"वरचा ओघळ खाली येतो अन धुतल्याला डाग पडतो. खालून वर जायाचं."

मला तर माहीत होतं ती एवढी थांबत का होती, घाई का करत नव्हती. ज्या दगडावर तिच्या नातीचं सगळं होतं, त्याला ती लोण्याच्या गोळ्यासारखं धरत होती. लोखंड लावलं असतं तर अर्ध्या दिवसात झालं असतं, आणि कदाचित अर्धं अक्षर गेलं असतं. आणि अर्ध्या नावाचा दाखला मिळत नाही.

औषध फासायचं, वर प्लॅस्टिक, वर ओलं गोणपाट. थांबायचं. मग रंग दुधावरच्या सायीसारखा सुरकुतून वर यायचा आणि ती कळकाने तो अलगद ओढायची. पहिला थर चॉकलेटी, बापूंचा. त्याखाली आकाशी, अण्णांचा. त्याखाली पुन्हा बापूंच्या वडिलांचा पिस्ता. भोवती बसलेली माणसं थर वाचत होती.

"ह्यो पिवळा. ह्या वक्ताला मला घरकुल देतो म्हणलते."

"दिलं का?"

"मंग गुलाबी आला ना."

"गुलाबीवाल्यानं दिलं का?"

"त्यो म्हणला, पिवळ्याला इचार."

असे एकूण नऊ थर. नवव्याखाली काळा दगड दिसला तेव्हा मी मनातल्या मनात हात जोडले. मावशीने जुन्या दात घासायच्या ब्रशने पाणी फिरवलं. संध्याकाळच्या उन्हात सगळ्यात खालची ओळ उमटली. सन १३५६.

बापूंनी मोबाईलवर वजाबाकी केली आणि त्यांचा आवाज बदलला. "सातशे वर्सं! आरं, सातशे वर्सं झाली आमाला ह्या गावात!"

"आमाला," अण्णांनी दुरुस्ती केली.

आता माझं सांगते. माझ्या वडिलांच्या शेताच्या जुन्या कागदांवर अशीच सालं आहेत. निजामाच्या राज्यात कागदोपत्री फसली सन चालायचा. त्यात पाचशे नव्वद मिळवले की आपलं साल येतं. म्हणजे एकोणीसशे शेहेचाळीस. हे मी तिथंच बोलले. खोटं पोटात ठेवायची मला सवय नाही.

"बापू, हे फसली साल असंल. पाचशे नव्वद मिळवा."

बापूंनी माझ्याकडे अशा नजरेनं बघितलं, जशी मी त्यांच्या पणज्याची पाचशे नव्वद वर्षं चोरून नेत होते. "वहिनी, तुमी आपलं अक्षर काढा. इतिहास आमच्यावर सोडा."

रात्रीतून फ्लेक्स छापून आला. 'सातशे वर्षांची गौरवशाली परंपरा', वर बापूंचा फोटो, हात जोडलेला. अण्णांचा फ्लेक्स सकाळी आला. तोच मजकूर, फक्त हात जोडणारा वेगळा.

बापूंना प्रस्ताव लगेच पाठवायचा होता. त्यासाठी ग्रामपंचायतीचा ठराव हवा. पण ठरावात नाव कुणाचं घालायचं? बापूंचं घातलं तर अण्णांचे सदस्य सही करणार नाहीत, अण्णांचं घातलं तर बापू राजनंदिनीवहिनींना सही करू देणार नाहीत. दोन तास भांडण झालं. शेवटी बापूंनीच तोड काढली आणि मला तोंडी सांगितलं, मी लिहून घेतलं:

'वेशीजवळील पाषाणावर ज्यांचे नाव आढळून येईल, त्यांचे घराणे पाषाणावर कोरलेल्या सनापासून या गावचे कायम रहिवासी आहे, असे ही ग्रामपंचायत एकमताने मान्य करीत आहे.'

मी पेन थांबवलं. "बापू, 'ज्यांचे नाव आढळून येईल' असंच राहू द्यायचं का? दोन दिवसांत नाव दिसेलच. मग लिहू."

"कशाला? नाव आमचंच हाय."

"आमचंच हाय," अण्णा म्हणाले. "लिवा वहिनी, लिवा. सूचक म्हणून माझं नाव घाला."

मी दोनदा विचारलं होतं. तिसऱ्यांदा विचारायला मी काही त्यांची आई नव्हते. सगळ्यांच्या सह्या झाल्या, राजनंदिनीवहिनींची सही घरून आली, शिक्का बसला. बापूंनी प्रत तालुक्याला पाठवली आणि फोटो काढून गावच्या ग्रुपवर टाकला.

दुसरी ओळ सतरा तारखेला दुपारी निघाली. मु. धोंडीराम.

मी मावशीकडे बघितलं. तिचा हात थांबला होता. पदराने तिने कपाळ पुसलं, म्हणजे कपाळच पुसलं असं लोकांना वाटलं. मग पुन्हा ब्रश फिरू लागला. मोहिनी मागे उभी होती. ती काहीतरी बोलणार तोवर आजीने मागे न बघताच म्हटलं, "पाणी आण गं." पोर पाण्याला गेली.

मुलगा धोंडीराम. म्हणजे ज्याचा दगड, त्याच्या मुलाचं नाव धोंडीराम. संध्याकाळपर्यंत बापूंच्या घराण्यात एक धोंडीराम सापडला. त्याने म्हणे वाघ मारला होता. रात्री जेवणं होईपर्यंत अण्णांच्याही घराण्यात सापडला. त्यांच्या धोंडीरामाने दोन मारले होते. सातशे वर्षांत ज्याची कुणाला आठवण आली नाही, त्या माणसाच्या मिशा कशा होत्या हेसुद्धा पारावर ठरलं. आणि ज्या धोंडीरामाने तो दगड घडवला, त्याची सून तिथंच बसून कळकाची पट्टी तासत होती. तिला कुणी काही विचारलं नाही.

तिसऱ्या दिवशी बापूंनी बँड सांगितला होता. नाव निघालं की वाजवायचा. अण्णांनीही त्याच बँडवाल्याला सांगून ठेवलं होतं, की कुणाचंही निघो, पैसे मी जास्त देतो, वाजवताना माझ्याकडं बघ. बँडवाले लिंबाच्या सावलीत चहा पीत बसले. साडेअकराच्या सुमाराला गोणपाट उचललं, रंग ओढला, ब्रश फिरला. एकेक अक्षर उजळत गेलं तसं बापू मोठ्याने वाचत गेले.

"स... गु... णा..."

बापू थांबले. अण्णांनी पुढं होऊन वाचलं, "बाई."

"बाई?" कुणीतरी म्हणालं.

"बाई कशी लढंल?"

"लढत्यात की बायका," बापू घाईघाईने म्हणाले. "आमच्यातल्या लई..."

तेवढ्यात मावशीने वरच्या तलवारीवरचा रंग ओढला. तलवार दोन तुकड्यांत होती. एक तुकडा छिन्नी. दुसरा हातोडी. आणि खाली, नावाच्या पुढं, बारीक अक्षरांत शब्द होता: टाकीवाली.

बँडवाल्याला वाटलं निघालं नाव. त्याने वाजवायला सुरुवात केली.

"थांब बे!" दोघं एकदम ओरडले.

गीतामावशी उठली. गुडघ्यावर हात देत, सावकाश. दगडाकडे तोंड करून वाकली, कपाळ टेकलं, आणि वळून सरळ सांगितलं, "माझी आजेसासू. ह्या गावातल्या समद्या जात्या-पाट्यांना तिच्या हातची टाकी लागलेली. धोंडीराम माझा सासरा. मोहिनीचा पणजा."

पहिल्यांदा हसले ते अण्णा. त्यांना पूर्वज गेल्याचं दुःख पाच मिनिटं झालं. पण बापूंचाही गेला हे लक्षात आल्यावर ते पार खुलले. "चला, घावला एकदाचा पूर्वज! बापू, फ्लेक्सवर फोटो बदला. मावशीचा टाका."

बापूंचा चेहरा चॉकलेटी झाला. "रंग आणा," ते म्हणाले. "आत्ताच्या आत्ता रंग आणा. देवाला उघडं ठिवत्यात का? अन त्यो ठराव रद्द."

बजरंग डबा आणायला पळाला. मावशी दगडाला पाठ लावून खाली बसली, पाय लांब केले. तिच्यावरून रंग द्यायचा असेल तर द्या, असं. मोहिनीने मोबाईल काढून दगडाचे, आजीचे, बापूंचे, बँडवाल्यांचेसुद्धा फोटो काढून घेतले.

ठराव रद्द करायला मला बोलावलं. मी रजिस्टर घेऊन बसले आणि म्हणाले, "रद्द करायला परत सभा लागते, आणि सरपंचांची सही लागते."

"आणतो सही," बापू म्हणाले आणि घरी फोन लावला.

सही आली नाही. राजनंदिनीवहिनी स्वतः आल्या. ग्रामपंचायतीच्या खोलीत त्या आधी एकदाच आल्या होत्या, खुर्चीची पूजा करायला. आजही चप्पल दाराबाहेर काढून आल्या.

"इथं सही कर," बापूंनी बोट ठेवलं.

"कशावर?"

"तुला काय करायचंय? ठराव रद्द करायचाय."

वहिनींनी रजिस्टर स्वतःकडे ओढलं. मी लिहिलेला ठराव सावकाश, ओठ हलवत, पूर्ण वाचला. मग म्हणाल्या, "दर वेळेला म्हणता, वाचत बसू नको, नुसती सही कर. ह्या वेळेला वाचला. चांगला हाय की ठराव. कावून रद्द करायचा?"

"आगं, ती टाकीवाली..."

"माझ्या हळदीची हळद आपल्या घरातल्या जात्यावर दळलेली. त्या जात्याला हिच्याच घरच्यांनी टाकी लावली ना? मंग गावातल्याच हायत की त्या. खोटं काय लिवलंय?"

"राजनंदिनी!"

"तालुक्याला तुमीच पाठविलाय. ग्रुपवर तुमीच टाकलाय. आता रद्द केला तर लोक म्हणतील, सरपंचाला वाचता येत न्हाई." एवढं बोलून वहिनींनी पदर सावरला, चपला घातल्या आणि गेल्या. बापू बराच वेळ पेनाचं टोपण लावत बसले. अण्णा म्हणाले, "मी सूचक हाय. माझा पाठिंबा कायम." त्यांना मावशीचं काही पडलं नव्हतं, पण पाठिंबा तो पाठिंबा.

रंग काही त्या दिवशी लागला नाही. बजरंग डबा घेऊन आला तेव्हा मावशी दगडाला टेकून झोपली होती, आणि झोपलेल्या म्हातारीला उठवायला कुणी पुढं होईना.

सोमवारी मी तांब्या घेऊन गेले आणि जरा थबकले. रंगोबा नव्हता. काळा, साधा दगड होता, त्यावर एका बाईचं नाव. मी एवढी वर्षं काय केलं असा विचार आला. मग पाणी घातलं. देवाने मला आजवर कधी विचारलं नाही की ते पाणी कुणाला पोचलं, आणि सगुणाबाईही विचारणार नाही. रेडकांचा नवस ज्याने फेडला होता तो माणूस मात्र अजून अस्वस्थ आहे.

पंचवीस तारखेला आम्ही तिघी दाखल्याच्या ऑफिसात गेलो. ठराव, दगडाचे फोटो, आसारामचं मतदान कार्ड, सगळं मोहिनीने प्लॅस्टिकच्या फाइलमध्ये लावलं होतं. खिडकीतल्या साहेबाने ठराव वाचला, चष्मा वर केला.

"सन तेराशे छप्पन?"

मावशीने माझ्याकडे बघितलं. मी म्हणाले, "साहेब, ते फसली साल आहे. पाचशे नव्वद मिळवले की एकोणीसशे शेहेचाळीस."

"ठरावात तसं लिहिलेलं नाही."

"मी सांगितलं होतं. लिहू दिलं नाही."

साहेबाने कॉम्प्युटरात १३५६ घातले. कॉम्प्युटरने लाल रेघ दाखवली. पुन्हा घातले, पुन्हा लाल रेघ. गावाने जे माझं ऐकलं नाही ते त्या डब्याने ऐकलं. साहेबाने मोठ्या साहेबाला विचारलं. त्यांचे वडील तहसिलीतले जुने पेशकार, म्हणून त्यांना फसली माहीत. ते आतूनच म्हणाले, "बरोबर आहे बाईंचं. शेहेचाळीस टाका." १९४६ टाकलं आणि रकाना निमूट पुढं सरकला.

"एकसष्टच्या आधीचं आहे. चालतंय," साहेब म्हणाला. मग फोटो बघत, जरा मोकळा होऊन त्याने विचारलं, "आजी, ऐंशी वर्षं तरी तुमचं घर त्या गावात आहे म्हणायचं. मग घरात एकाचाही दाखला अजून का काढला नाही?"

मावशीने डोळे बारीक केले. मग म्हणाली, "रंग निघायचा व्हता."

साहेबाला काही समजलं नाही. त्याने शिक्का मारला आणि पुढच्या माणसाला हाक मारली.